देशाचा वैद्यकीय संशोधनाचा पैसा कसा शोधायचा

हे लिहितो आहे ते मुख्यतः विदर्भातल्या, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराने ग्रस्त मुलांच्या आईवडिलांसाठी. मेडिकलचे विद्यार्थी आणि तालुक्याचे पत्रकार यांनाही त्याचा उपयोग होईल. माझी सगळी नोकरी नागपुरात, सिव्हिल लाइन्सच्या महालेखाकार कार्यालयात, लेखापरीक्षणात गेली. दुसऱ्यांचे हिशेब वाचणं हेच काम. भाचीच्या मुलाला सिकलसेल निघाला आणि तेच काम मी घरच्यासाठी करू लागलो. देश वैद्यकीय संशोधनावर किती पैसा लावतो, तो कुठून निघतो, कुठे पोचतो, आणि आपल्या मुलांच्या आजारापर्यंत त्यातलं काय येतं, हे शोधायचं. त्यासाठी लागणारे बहुतेक कागद सरकारी संकेतस्थळांवर फुकट आहेत. एक मोबाइल, एक जाड वही आणि चिकाटी एवढं भांडवल पुरतं.

उत्तर नागपुरात पालकांची बैठक असते, तिथे एका बापाने विचारलं होतं, "सरकार करोडो देऊन राहिलं म्हणतेत, मंग आमच्या पोराले गोळ्या बाहेरून कायले घ्या लागते?" प्रश्न रास्त आहे. पण त्यात दोन वेगळे पैसे एकत्र आले आहेत, आणि ते वेगळे केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

सेवेचा पैसा आणि संशोधनाचा पैसा

मुलाच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतात, नळीतल्या द्रावणात टाकतात आणि नळीमागे रेघा मारलेला कागद धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. मूल वाहक (स्वतः आजारी नसून दोष पुढे नेणारं) आहे की रुग्ण, हे या चाचणीतून कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ताची चाचणी करावी लागते. या सगळ्याचा खर्च म्हणजे सेवा. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये सुरू झालेली राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम याच प्रकारातली: ० ते ४० वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचं उद्दिष्ट. गोळ्यांचा पैसाही सेवेचाच.

गावातच काही मिनिटांत वाहक आणि रुग्ण वेगळे सांगेल अशी स्वस्त पट्टी शोधणं, हायड्रॉक्सीयुरिया या सिकलसेलवरच्या औषधाचा डोस आपल्याकडच्या मुलांना किती लागू पडतो ते तपासणं, किंवा जनुकातच दुरुस्ती करणारा उपचार देशात तयार करणं, हे संशोधन. त्याचा पैसा वेगळ्या खात्यातून येतो. गोळ्या मिळत नसतील तर आरोग्य विभागाला जाब विचारा. नवा उपचार का निघत नाही हे विचारायचं असेल तर दार दुसरं आहे. या लेखात मी त्या दुसऱ्या दाराबद्दल सांगतो.

आणि ते दार का ठोठवायचं, तेही सांगतो. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने सिकलसेलसाठी कॅसजेव्ही या जनुक-संपादन उपचाराला मान्यता दिली. एका रुग्णासाठी तिथली जाहीर किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. ही किंमत आपल्या एकाही घराला कधी परवडणार नाही. सीएसआयआर, म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद, हिच्या दिल्लीतल्या आयजीआयबी या संस्थेत याच आजारासाठी स्वतःच्या क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्रावर काम चालू आहे. देशाने आपला पैसा आपल्या आजारांवर लावला नाही, तर दुसऱ्याने शोधलेलं औषध दुसऱ्याच्या भावात घ्यावं लागतं. माझी या विषयातली सगळी आस्था या एका गोष्टीतून आली आहे.

आधी खाती ओळखा

संशोधनाचा पैसा एका खात्यात शोधाल तर फसाल. आरोग्य मंत्रालयात दोन विभाग आहेत. मोठा तो आरोग्य व कुटुंब कल्याण विभाग. धाकटा तो आरोग्य संशोधन विभाग, २००७ साली स्थापन झालेला. आयसीएमआरला, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला, पैसा याच्यातून जातो. आयसीएमआर स्वतः त्याच्याहून कितीतरी जुनी: १९११ साली इंडियन रिसर्च फंड असोसिएशन म्हणून सुरू झाली, १९४९ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. तिसरा जैवतंत्रज्ञान विभाग. तो १९८६ चा आणि विज्ञान मंत्रालयात आहे. नवउद्योगांना पैसा देणारी बायरॅक ही कंपनी त्याचीच, २०१२ ची. तिच्या 'बिग' योजनेत एखाद्या कल्पनेला १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. चौथं सीएसआयआर. पाचवी अनुसंधान राष्ट्रीय संशोधन संस्था. तिचा कायदा २०२३ चा. आयुष आणि औषधनिर्माण विभाग यांच्याकडेही थोडाथोडा पैसा असतो.

हे विखुरलेपण नागपूरकराला एका उदाहरणात कळेल. मे २०२१ मध्ये, कोरोनाची दुसरी लाट अंगावर असताना, आपल्या नीरीने मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवरून आरटीपीसीआर करायची पद्धत काढली. नाकात काडी घालणं नको, आरएनए वेगळं काढण्याचं महागडं किट नको. आयसीएमआरने तिला मान्यता दिली. आता नीरी ही पर्यावरणाची संस्था, १९५८ सालची, सीएसआयआरच्या छत्राखालची. कुणी फक्त आरोग्य मंत्रालयाची पानं चाळली असती, तर या कामामागे उभी असलेली प्रयोगशाळा त्याला कुठेच सापडली नसती. म्हणून वहीत प्रत्येक खात्याला वेगळं पान द्या.

मागणीचं पान कसं वाचायचं

केंद्रीय अर्थसंकल्पाच्या संकेतस्थळावर 'अनुदानाच्या मागण्या' असा भाग असतो, हिंदी आणि इंग्रजीत. प्रत्येक विभागाची एक मागणी, म्हणजे त्याने संसदेकडे मागितलेला पैसा. मागणीचा क्रमांक पाठ करू नका, तो वर्षागणिक बदलतो. विभागाच्या नावाने शोधा. पान उघडलं की चार रकाने दिसतील. मागच्याच्या मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, मागच्या वर्षीचा अर्थसंकल्पीय अंदाज, त्याच वर्षीचा सुधारित अंदाज, आणि येत्या वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज.

पेपरात येतो तो फक्त शेवटचा रकाना. लेखापरीक्षक मात्र पहिल्यापासून वाचतो. घोषणा शेवटच्या रकान्यात असते आणि हकीकत पहिल्या. मधला सुधारित अंदाज सांगतो की वर्ष निम्मं-अधिक उलटल्यावर विभागाला खरोखर किती पैसा लागेल असं वाटलं. एक ठळक उदाहरण घ्या. अनुसंधान संस्थेसाठी २०२३-२४ मध्ये २,००० कोटींची तरतूद होती. सुधारित अंदाजात ती सुमारे २५८ कोटींवर आली. संस्था अजून उभीच राहात होती, तिचा कायदा फेब्रुवारी २०२४ मध्ये अमलात आला, हे कारण समजण्यासारखं आहे. पण ज्याने फक्त २,००० चा मथळा वाचला, त्याच्या डोक्यात तोच आकडा राहिला.

म्हणून वहीत दर वर्षाला एक ओळ करा आणि तिच्यात त्याच एका वर्षाचे तिन्ही आकडे लिहा: अंदाज, सुधारित, प्रत्यक्ष. त्यासाठी लागोपाठ तीन वर्षांचे कागद उघडावे लागतात, कारण एका वर्षाची पूर्ण कथा एका कागदात कधीच नसते. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते टाळलं तर बाकीचं सगळं वाया. तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च यांत दर वर्षी मोठी तफावत असेल, तर रोग दोनपैकी एक. एक तर पैसा वेळेवर सुटत नाही, नाही तर मागच्या पैशाचे हिशेब आलेले नाहीत म्हणून पुढचा हप्ता अडकतो.

मागणीच्या शेवटी प्रत्येक ओळीवर दोन-चार वाक्यांची टीप असते. ती सोडू नका. ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ (माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र विचार) संस्थेची पायाभरणी झाली, ११० कोटींहून अधिक खर्चाची. त्याच कार्यक्रमात चंद्रपूरचं हिमोग्लोबिनच्या आजारांवरचं संशोधन केंद्रही राष्ट्राला अर्पण झालं. आता वन हेल्थ संस्थेचा पैसा तुम्ही 'आयसीएमआर' या ओळीत शोधत बसाल. पण अशी संस्था उभारण्याची कल्पना आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा मोहिमेत आहे, आणि त्या मोहिमेची आरोग्य संशोधन विभागाच्या मागणीत स्वतंत्र ओळ असते. असे दुवे टिपांमध्ये सापडतात.

आणखी खोल जायचं असेल तर विभागाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या 'तपशीलवार मागण्या' काढा. तिथे लेखाशीर्षांच्या, म्हणजे खर्चाच्या सांकेतिक क्रमांकांच्या, शेवटी पैसा कशासाठी आहे ते सांगणारं दोन अंकी उद्दिष्ट-शीर्ष असतं. संस्थांना जाणाऱ्या पैशासाठी तीन लक्षात ठेवा: ३१ म्हणजे सहायक अनुदान सर्वसाधारण, ३५ म्हणजे भांडवली मत्ता निर्माण करण्यासाठी, ३६ म्हणजे वेतन. एखाद्या संस्थेचं ३६ वाढतंय आणि ३१ जागच्या जागी, असं दिसलं तर पगार निघतात पण रसायनं, किट, गावोगाव फिरण्याचा खर्च यांना हात आखडला आहे. ३५ अचानक फुगलं तर इमारत किंवा यंत्र येतंय. मग पुढच्या वर्षी विचारा की त्या यंत्रावर बसायला माणूस नेमला का. वेतनाचा आकडा मोठा दिसला म्हणून नाराज मात्र होऊ नका. संशोधन माणसंच करतात, आणि कंत्राटावरचा तरुण शास्त्रज्ञ दर अकरा महिन्यांनी नव्या आदेशाची वाट पाहात असेल तर त्याच्याकडून दहा वर्षांचं काम होणार नाही.

टक्केवारी लावताना भाजक तपासा

२०२५-२६ मध्ये आरोग्य मंत्रालयाला एकूण सुमारे ९९,८५९ कोटी मिळाले, त्यातले सुमारे ३,९०१ कोटी आरोग्य संशोधन विभागाचे. म्हणजे शंभरातले जवळपास चार रुपये. १९९० साली विकासासाठीच्या आरोग्य संशोधनावरील आंतरराष्ट्रीय आयोगाने विकसनशील देशांना सांगितलं होतं की राष्ट्रीय आरोग्य खर्चाचे किमान २ टक्के संशोधनावर लावा. मग चार टक्के म्हणजे आपण दुप्पट पुढे, असं कुणी भाषणात सांगितलं तर थांबवा. आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. देशाच्या आरोग्य खर्चात केंद्रीय मंत्रालय हा केवळ एक तुकडा आहे.

खरा भाजक राष्ट्रीय आरोग्य लेख्यांमध्ये, म्हणजे देशाच्या सगळ्या आरोग्य खर्चाच्या सरकारी हिशेबात, मिळतो. २०२१-२२ साली केंद्र, राज्यं, पालिका असा सगळा सरकारी आरोग्य खर्च ४,३४,१६३ कोटी होता, आणि लोकांच्या खिशातला धरून एकूण ९,०४,४६१ कोटी. त्या वर्षी आरोग्य संशोधन विभागाची तरतूद २,६६३ कोटी. नुसत्या सरकारी खर्चाशी भागा: ०.६१ टक्का. जैवतंत्रज्ञान विभागाचे सगळेच्या सगळे ३,५०२ कोटी त्यात मिळवा, खरं तर त्यातला बराचसा शेती, पशू आणि उद्योगाचा, तरी आकडा १.४ च्या आसपास येतो. सीएसआयआर आणि इतरांचा वैद्यकीय वाटा त्यात धरलेला नाही, हे प्रामाणिकपणे लिहा. पण त्याच्या उलट, आपण सोपा भाजक घेतला आहे. एकूण आरोग्य खर्चाशी भागलं तर हेच आकडे निम्म्याहून खाली जातात.

देशाच्या सगळ्याच संशोधनाची स्थिती याहून वेगळी नाही. २०२०-२१ मध्ये भारताचा संशोधन व विकासावरचा एकूण खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के होता. चीनचा त्या सुमारास २.४ च्या घरात. आपल्याकडे खाजगी उद्योगाचा वाटाही कमी आहे, त्यामुळे सरकारने हात आखडला की भरून काढणारं दुसरं कुणी नसतं.

फळ मोजताना घाई करू नका

एका वर्षाच्या पैशाचं त्याच वर्षी काय निघालं, हा प्रश्न शिक्षकाला, अभियंत्याला विचारता येईल. संशोधनाला तो लागू होत नाही. रोटाव्हॅक लशीकडे पाहा. तान्ह्या मुलांच्या जुलाबावरची ही लस ज्या ११६ई विषाणूपासून झाली, तो दिल्लीच्या एम्समध्ये १९८० च्या दशकाच्या मध्यात नवजात बाळांमध्ये सापडला. ती बाळं आजारी न पडता त्या विषाणूला पुरून उरली होती, हे डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं. त्यानंतर जैवतंत्रज्ञान विभागाचा पैसा, परदेशी भागीदार, भारत बायोटेक, ६,७९९ बाळांवरची तिसऱ्या टप्प्याची चाचणी, २०१४ मध्ये परवाना आणि २०१६ पासून राष्ट्रीय लसीकरणात प्रवेश. जवळजवळ तीस वर्षं. मधल्या कुठल्याही पाच वर्षांचा हिशेब मागितला असता तर हाती लस दिसली नसती.

आपल्या शेजारचं गडचिरोलीही तेच सांगतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्या बायांना शिकवून घरीच नवजात बाळांची काळजी घेतली आणि त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. ते पुढे राष्ट्रीय धोरणात उतरायलाही वर्षं लागली. तिथे महागडं यंत्र नव्हतं. मोजणी होती, नोंदवही होती, आणि वर्षानुवर्षं टिकून राहिलेली माणसं होती.

तेव्हा विचारायचा प्रश्न असा: काम सुरू आहे का, पैसा सलग मिळतो आहे का, आणि मधले टप्पे नोंदले जाताहेत का. टप्पे पाहण्याची सोपी जागा म्हणजे सीटीआरआय, देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही. २००७ मध्ये ती सुरू झाली आणि जून २००९ पासून औषध-चाचण्यांची नोंद सक्तीची झाली. तिथे आजाराचं नाव इंग्रजीत टाकून शोधा. प्रत्येक नोंदीत चाचणी कोणत्या शहरात आहे, पैसा कोण देतं, किती रुग्ण घ्यायचे आहेत, हे लिहिलेलं असतं. सिकलसेलच्या नोंदी काढून पैसा देणाऱ्याचा रकाना वाचत गेलात की आयसीएमआरचं किती, एखाद्या कंपनीचं किती आणि विद्यार्थ्याच्या प्रबंधापुरतं किती, हे तासाभरात दिसतं. वहीतलं हे पान मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण दिल्लीच्या कोटींचा आणि आपल्या वॉर्डातल्या खाटेचा संबंध पहिल्यांदा इथे लागतो.

माहिती अधिकाराचा अर्ज

कागदावर जिथे वाट संपते तिथून अर्ज सुरू होतो. २००५ च्या कायद्याप्रमाणे केंद्राच्या कार्यालयाला तुम्ही मराठीतही अर्ज करू शकता. कलम ६(१) मध्ये अर्ज देण्याच्या भागातल्या राजभाषेला मुभा आहे. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. ऑनलाइन भरता येतो किंवा पोस्टल ऑर्डर लावून पाठवता येतो. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनीच पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा. उत्तर ३० दिवसांत. केंद्राच्या नियमांत अर्ज साधारण ५०० शब्दांपर्यंत असावा. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयाला अर्ज करत असाल तर एकच विषय आणि १५० शब्द.

अर्जात 'का' विचारू नका. 'का'ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. कागद मागा. मी पालकांना जो मसुदा देतो तो असा:

"सन २०२२-२३ पासून आजपर्यंत अमुक संस्थेसाठी अथवा प्रकल्पासाठी (१) मंजूर एकूण खर्च व मंजुरी आदेशाची प्रत, (२) वर्षनिहाय वितरित रक्कम, (३) वर्षनिहाय झालेला खर्च व अखर्चित शिल्लक, (४) सादर झालेल्या उपयोगिता प्रमाणपत्रांच्या प्रती, (५) मंजूर व भरलेली शास्त्रीय आणि तांत्रिक पदे, (६) शेवटच्या प्रगती अहवालाची प्रत द्यावी."

चौथ्या मुद्द्यावर जोर द्या. उपयोगिता प्रमाणपत्र म्हणजे पैसा ज्या कामासाठी दिला त्याच कामासाठी वापरला, असं संस्थेने सही-शिक्क्यानिशी लिहून देणं. केंद्राच्या वित्तीय नियमांत त्याचा नमुना १२-अ आहे आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत ते द्यायचं असतं. हातात आल्यावर तीन ठिकाणी बोट ठेवा: सुरुवातीची शिल्लक, वर्षात मिळालेली रक्कम, अखेरची शिल्लक. या वर्षीची अखेरची शिल्लक आणि पुढच्या वर्षीची सुरुवातीची शिल्लक जुळलीच पाहिजे. मग रक्कम मिळाल्याची तारीख बघा. पैसा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आला असेल तर 'खर्च झाला नाही' याचा दोष संस्थेच्या माथी मारू नका.

पेटंट किंवा व्यापारी गुपिताचं कारण सांगून कलम ८(१)(ड) खाली माहिती नाकारली जाऊ शकते. शोधाच्या तांत्रिक तपशिलाबाबत ते योग्यही असेल. पण सरकारी पैसा किती दिला, कधी दिला आणि त्याचा हिशेब आला का, यात गुपित काही नाही, हे पहिल्या अपिलात लिहा. अपील ३० दिवसांत, दुसरं अपील ९० दिवसांत.

आकडे घेऊन कुणाकडे जायचं

खासदाराकडे नुसती व्यथा नेऊ नका, प्रश्न तयार करून न्या. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं आणि ते कायमचं नोंदीत राहतं. वहीतली ती तीन आकड्यांची ओळ प्रश्नाखाली जोडा. संसदेच्या दोन स्थायी समित्या या खात्यांच्या मागण्या दर वर्षी तपासतात: आरोग्य संशोधनासाठी आरोग्य समिती, जैवतंत्रज्ञानासाठी विज्ञान-तंत्रज्ञान व पर्यावरणाची समिती. त्यांचे अहवाल फेब्रुवारी-मार्चमध्ये सदनात येतात. विभागाने किती मागितले आणि अर्थ खात्याने किती दिले, हे बहुतेकदा तिथेच वाचायला मिळतं. अर्थसंकल्पाच्या पानावर ते नसतं.

राज्याच्या वाट्याचे प्रश्न, म्हणजे सरकारी महाविद्यालयांतल्या रिक्त जागा, संशोधन कक्षाला दिलेली जागा, वीज, माणसं, हे आमदाराचं काम. हिवाळी अधिवेशन डिसेंबरमध्ये आपल्याच गावी भरतं, पण तेव्हा आमदार निवासाच्या फाटकावर उभं राहून उपयोग नाही, कारण प्रश्न आधीच दाखल झालेले असतात. दिवाळीआधी मसुदा त्यांच्या मतदारसंघातल्या कार्यालयात पोचवा, पोच घ्या, आणि माहिती अधिकारातून आलेल्या पानांच्या झेरॉक्स सोबत लावा. मूळ प्रत कुणालाही देऊ नका.